डायलिसिसआधी वाचायची ओळ

असुन्सिऑनमधल्या आमच्या औषधी वनस्पतींच्या दुकानात सुनिल्दा आयाला माझ्या शेजारी बसायची. आम्ही दोघी दुकानाची वेबसाइट सांभाळायचो. लोक मोबाइलवर काही शोधतात तेव्हा आमच्या पानाची जी ओळ त्यांना दिसते, ती लिहिणं हे तिचं काम. नुसतं लिहून भागायचं नाही. सारखीच वर्दळ असलेल्या पानांपैकी अर्ध्यांचे शब्द ती बदलायची, अर्धी तशीच ठेवायची. मग ओळ किती जणांना दिसली आणि त्यातले किती आत आले, हे ताडून बघायची. एखादं पान शोधाच्या यादीत वर सरकलं असेल, तर ते हिशेबात धरायची नाही.

"वर दिसलेल्या पानावर कुणीही बोट दाबतं," ती म्हणायची. " त्यात माझ्या शब्दांचं काय कौतुक?"

मूत्रपिंडाच्या काढ्यांकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. 'मूत्रपिंडासाठी गुणकारी वनस्पती' असं वाचून लोक पुढे जायचे. बरेच प्रयोग फसल्यावर सुनिल्दाने लिहिलं, 'डायलिसिसला होकार देण्याआधी हे वाचा.' बदललेल्या पानांवर माणसं जवळपास दुपटीने आली, न बदललेली होती तिथेच राहिली. मालक इलारिओन साहेबांनी सगळ्यांसाठी गरम चिपा, म्हणजे चीजचा पाव, मागवला.

"पोरी, हातात जादू आहे तुझ्या!"

"जादू कसली, साहेब? घाबरलेला माणूस थांबून वाचतो," ती म्हणाली. पण खुशीत होती.

आई लवकर गेल्याने सुनिल्दाला सेफेरिना मावशीनेच वाढवलं होतं. मावशी काकुपेला एकटी राहायची. हिवाळा सुरू झाला आणि तिच्या शेजारणीचा फोन आला: मावशीचं अंग सुजलंय, धाप लागलीय. मीही सुनिल्दाबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई भडकल्याच होत्या. डायलिसिस सांगितल्यापासून मावशी तिकडे परतलीच नव्हती.

"मावशी, मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या जिवाला कशाला घोर? आणि मी काही अडाणीपणा नाही केला हं. मोबाइलवर बघितलं. लिहिलेलंच होतं तिथे, होकार देण्याआधी वाचा म्हणून. म्हटलं, कुणी तरी जाणतं माणूसच लिहीत असणार."

"मग आत काय होतं ते वाचलंस?"

"बारीक अक्षर गं ते. पाल्याचं नाव तेवढं लागलं. बाजारातून आणून तेरेरेच्या थंड चहात टाकून पीत होते."

डॉक्टरांचे उपचार सोडू नका, असं आत लिहिलं होतं. तेही सुनिल्दानेच. ती मावशीच्या सुजलेल्या पावलांवर चादर ओढत राहिली. मावशी त्याच आठवड्यात गेली. ओळ कुणाची होती, हे तिला कळलं नाही.

कामावर आल्या आल्या सुनिल्दा साहेबांकडे गेली. "ती ओळ काढतेय."

"काढ. पण पोरी, आपण खोटं कुठे लिहिलं होतं?"

"नाही ना. म्हणून तर कुणी आपल्याला जाब विचारणार नाही."

ओळ निघाली. दुपारी सहज शोधून पाहिलं, तर आणखी तीन दुकानांनी ती शब्दन् शब्द उचललेली. तिने तिघांनाही कळवलं. एकाचंच उत्तर आलं: 'आमच्याकडे चांगली चालते.'

महिनाअखेरीस तिने काम सोडलं. आता लुके शहरात चुलतबहिणीच्या कापडदुकानात असते. मध्यंतरी मी पडद्याचं कापड घ्यायला गेले.

"झोप लागते का गं?" मी विचारलं.

"दुपारी लागते थोडी," म्हणाली आणि आलेल्या गिऱ्हाइकासाठी उठली.