आबांच्या गाडीला बसवलेला फिल्टर

ड्रायव्हरच्या हातात दोष आहे असं एकदा गॅरेजमध्ये ठरलं, की मग गाडी उघडून बघायचे कष्ट कोणी घेत नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत हे झालं. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही.

आबा मानपाड्याच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक चालवायचे. केमिकलचे ड्रम भरून कल्याण, भिवंडी, ठाणे. नव्वद सालानंतरची गोष्ट. शेठने कुठूनतरी एक जुना ट्रक उचललेला, पण त्याला पॉवर स्टिअरिंग होतं. तेव्हा आमच्याकडे अशी गाडी म्हणजे अप्रूपच. आबांचे खांदे स्टिअरिंग ओढून ओढून निकामी झालेले, म्हणून ती गाडी त्यांच्याकडे आली. पहिल्या दिवशी जेवताना म्हणाले, "आरं, एका हातानं वळती. लोण्यावानी."

पुढे स्टिअरिंगचा पंप किंचाळायला लागला. मिस्त्रीने नवीन घातला. काही महिन्यांत तोही गेला. पुन्हा नवीन. मग शिळफाट्याच्या वळणावर, भरलेल्या गाडीत, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. आबांनी अंगाचा भार टाकून गाडी कशीबशी वळवली. शेजारचा रिक्षावाला थोडक्यात वाचला.

मिस्त्री शेठला म्हणाला, "हा माणूस स्टिअरिंग टोकापर्यंत वळवतो आणि दाबून धरतो. पंप काय करणार?"

संपलं. आबांना गाडीवरून काढून गेटवर राखणीला बसवलं. गेटवर बसण्याचं त्यांना फार वाटलं नाही. पण 'हा माणूस गाडी मारतो', म्हणजे खराब करतो, हे एका गॅरेजमधून दुसऱ्यात पोचायला वेळ लागत नाही. मग त्या ड्रायव्हरला कोणी किल्ली देत नाही. आबांनी उभं आयुष्य 'गाडी जपणारा ड्रायव्हर' या एका नावावर काढलेलं. त्यात पुढे दसरा येणार. आमच्याकडे दसऱ्याला प्रत्येक गाडीचा नारळ तिचा ड्रायव्हरच फोडतो. या वर्षी त्या गाडीचा नारळ दुसरा फोडणार, आणि आबा गेटवरून बघणार.

आणि गंमत बघा. नव्या ड्रायव्हरच्या हातातही नवा पंप किंचाळायला लागला. तेव्हा मिस्त्री काय म्हणाला? "हल्ली मालच खराब येतो." त्या ड्रायव्हरला कोणी गेटवर बसवलं नाही.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. मेकॅनिकल. हे मी ताठ मानेने सांगतो, कारण त्या पदवीसाठी आबांनी खांदे झिजवले. ठाण्याच्या एका कारखान्यात मी हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीला होतो. एका रात्री मी जेवताना आबांना सहज विचारलं, पंप बदलताना आतल्या तेलाचं काय करतात?

"काढत्यात, धोतराच्या फडक्यातनं गाळत्यात, परत भरत्यात. चांगलं तेल कोण टाकून देतंय?"

हातातला घास हातातच राहिला. पंप मरतो तेव्हा त्याची झिजलेली लोखंडाची भुकटी पाइपात, टाकीत, स्टिअरिंग बॉक्समध्ये, सगळीकडे पसरते. ती पिठापेक्षा बारीक असते. धोतर तिला काय अडवणार? म्हणजे हे लोक प्रत्येक नव्या पंपाला मेलेल्या पंपाची भुकटी पाजत होते, आणि शिक्षा आबांना!

रविवारी शेठच्या गॅरेजमध्ये जाऊन हे सांगितलं. शेठ म्हणाला, "अरे, इतकी वर्षं असंच चाललंय. तुझं कॉलेज इथे नको."

"कॉलेज बाजूला ठेवा शेठ. पंप कितवा आहे, ते तर सांगा."

त्याने बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच सोडलं. शेवटी म्हणाला, "कर काय करायचं ते. दसऱ्यापर्यंत बघू."

पंप नवीन घालायचाच होता. मी सगळे पाइप उतरवून धुवून घेतले, टाकी पुसली, सीलबंद डब्यातलं तेल भरलं; स्टिअरिंग बॉक्सच्या आत बसलेली भुकटी मात्र अशी निघणार नव्हती. स्टिअरिंग बॉक्समधून टाकीकडे परतणारा जो पाइप असतो, तो मध्येच कापला आणि तिथे फिल्टर बसवला. दोन्हीकडून क्लिपा आवळल्या. फिल्टरवरचा बाण टाकीकडे. परतीच्या पाइपात दाब कमी असतो, म्हणून तिथेच.

मिस्त्री कमरेवर हात ठेवून बघत होता. "साहेब, जाळी चोंदली तर?"

"चोंदणारच. म्हणून बदलायची. तुम्ही धोतर कधी बदललंत?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मिस्त्री नाही हसला.

पंपाचा आवाज पुन्हा आला नाही. दसऱ्याच्या सकाळी गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून ओळीत उभ्या होत्या. मी फिल्टर काढला, त्या जागी दुसरा बसवला. काढलेला सगळ्यांसमोर उघडायचा म्हणून मिस्त्री हॅकसॉ घेऊन आला.

"करवत नको!" मी ओरडलोच. "तिचाच चुरा आत पडेल, आणि मग म्हणाल हा चुरा करवतीचा."

पत्रा कापायच्या कात्रीने फिल्टरचा डबा कापला. आतला कागद राखाडी झालेला आणि उन्हात चमचमत होता. लोहचुंबक फिरवलं तर त्याला मेलेल्या पंपांच्या भुकटीची दाट मिशी फुटली.

शेठने ती बघितली, बोट लावलं, बोट रुमालाला पुसलं. "बरं झालं. सगळ्या पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांना बसवून टाका. आबा, चला, तुमचा नारळ तुम्हीच फोडा."

बस. एवढंच. जणू आबा इतके दिवस हवापालट म्हणून गेटवर बसलेले.

"शेठ," मी म्हणालो, "आधी बोला, पंप कोणामुळे गेले."

"अरे, सणासुदीला कशाला? शिकलेली पोरं, लगेच डोकं गरम." तो बाकीच्यांकडे बघून हसला. दोघेतिघे त्याच्याबरोबर हसलेही. माझे कान तापले. मी पुढे सरकणार, तेवढ्यात आबांनी माझ्या दंडाला धरलं. मला वाटलं, आता मलाच गप्प करणार. शेठपुढे त्यांना मान वर करून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी उचललेला नारळ परत पूजेच्या ताटात ठेवला.

"पोरगं बराबर बोलतंय, शेठ. माझं नाव हितं खराब झालंय. हितंच नीट करा. मग फोडतो."

उदबत्तीची राख ताटात पडली. शेठने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने टायरकडे बघितलं आणि टायरलाच सांगितल्यासारखं पुटपुटला, "गाळलेल्या तेलाने गेले पंप. ड्रायव्हरने नाही."

आबा मागच्या ओळीत उभ्या असलेल्या ड्रायव्हर-क्लीनरांकडे वळले.

"मागं ऐकू गेलं न्हाई," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं."

मिस्त्री पुन्हा बोलला, मोठ्यानं. मग आबांनी नारळ उचलला.