पार्सलमधला कागद

शिंपीणकाकूंची मुलगी सीमेपलीकडच्या मुसलमान वस्तीत नर्स होती. चर्चने तिकडे सेवेला पाठवलेल्या पाच-सहा जणांची पार्सलं काकूच बांधत. त्यात चर्चचा चिटोराही जाता कामा नये, हा नियमही त्यांचाच; तसा कागद तिकडे सापडला तर माणसाला तो देश सोडावा लागे.

आणि नेमकी त्यांनीच लेकीची लोणच्याची बरणी रविवारच्या प्रार्थनेच्या यादीत गुंडाळली. लेकीचं नाव सगळ्यात वर. पार्सल गेल्यावर ते ध्यानात आलं.

"दिव्याखाली अंधार," नवरा म्हणाला. काकूंना आठ दिवस घास गिळवेना.

नवव्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, बरणी फुटून गळत होती. मी ड्यूटीवर, म्हणून घरमालकीणबाईंनीच पार्सल उघडलं."

"वाचलं का गं त्यांनी?"

"सगळं. मग कागद चुलीत घातला. म्हणाल्या, तुझ्यासाठी मीही अल्लाकडे मागते, पण असं लिहून गावभर वाटत नाही."

काकूंनी मापाची वही ओढली.

"त्यांचं माप सांग. खांद्यापासून नीट घे."