बोटीवरचं अडकलेलं बटण

वादळ सरकून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वेलचेरीतल्या आमच्या इमारतीचा तळमजला पाण्यात होता. पार्किंगमधल्या गाड्यांची नुसती छपरं दिसत होती. वीज आदल्या संध्याकाळीच गेलेली, सोसायटीच्या जनरेटरमध्ये पाणी शिरलेलं, आणि पहाटेपासून कुठल्याही कंपनीच्या फोनला रेंज नव्हती. मी उठल्यावर नेहमीचं काम केलं: काय आहे आणि काय नाही ते कागदावर मांडलं. पिण्याचं पाणी आहे. गॅस आहे. हातातला रेडिओ चार्ज केलेला, त्याची जादा बॅटरी अर्धी. नवरा कामासाठी पुण्यात. त्याला कळवता येणार नाही, म्हणून तो विषय बाजूला.

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मामी जिना चढून आल्या. मामी-मामा तंजावरकडच्या मराठी घरातले. त्यांच्या मराठीला तमिळची चाल आहे आणि निम्मे शब्दही तमिळ. इथे नवीन होतो तेव्हा आम्हा दोघींना एकमेकींचं अर्धंच कळायचं, आणि दोघीही सगळं कळल्यासारखी मान डोलवायचो. मामी घाबरणाऱ्यांतल्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्या दारातच थांबल्या, आत आल्या नाहीत.

मामांची फुप्फुसं कमजोर आहेत. घरी ऑक्सिजनचं मशीन असतं, ते विजेवर चालतं. इन्व्हर्टर रात्री संपल्यावर मामींनी त्यांना सिलिंडरवर ठेवलं होतं. तो एकच सिलिंडर होता.

"काटा लाल पट्टीजवळ आलाय, कण्णा," त्या म्हणाल्या; मला त्या लाडाने असंच म्हणतात. "तुझ्या त्या पेटीतून कुणालातरी बोलव."

ती पेटी म्हणजे माझा हॅम रेडिओ. मागे एका पुरात फोन असेच मेले होते. तेव्हा दोन दिवस नुसतं खिडकीत बसून काढल्यावर मी ठरवलं की हे पुन्हा चालणार नाही. परीक्षा दिली, परवाना घेतला, गच्चीवर पाइप उभा करून अँटेना लावली. सोसायटीचे सेक्रेटरी गृहस्थ बरेच दिवस त्या पाइपाला माझी कपडे वाळवायची काठी म्हणायचे आणि मीटिंगमध्ये विचारायचे की मॅडम, मंगळावर कुणी घेतला का फोन? दर रविवारी सकाळी शहरातले आम्ही काही जण ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हजेरी लावतो. एक जण मध्यस्थ असतो. तो ज्याचं नाव घेईल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. पण बटण दाबून एक जण बोलत असला की त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्याला जागा नसते, त्यामुळे ही शिस्त नसेल तर सगळा गोंगाट होतो.

मी गच्चीवर गेले. मध्यस्थाचं काम त्या दिवशी पेरुंगुडीतले एक निवृत्त गृहस्थ करत होते. उंच मजल्यावर राहतात, रेडिओ गाडीच्या बॅटरीवर चालवतात. त्यांचा आवाज मला चांगला ओळखीचा. समोरासमोर फारसे भेटलेलो नाही. माझी पाळी येईपर्यंत तीन-चार निरोप ऐकावे लागले. कुठे लहान मुलांसाठी दूध, कुठे नातेवाइकांची चौकशी. मधे घुसायचं नाही हे मला पाठ होतं, पण जिन्यात मामी उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

पाळी आल्यावर मी सांगितलं: पत्ता, मजला, वयस्कर रुग्ण, ऑक्सिजन संपत आलाय, उचलून न्यावं लागेल.

"किती वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

मी मामींकडे पाहिलं. त्यांनी आधी दोन बोटं वर केली, मग एक खाली घेतलं.

"तासभर धरा," मी म्हटलं.

त्यांनी माझा निरोप जसाच्या तसा मला वाचून दाखवला, मग पुढे दिला. इथल्याच किनाऱ्यावरच्या कोवलम गावच्या कोळ्यांनी त्यांच्या फायबरच्या बोटी पहाटेच ट्रकवर घालून बायपासच्या उंच रस्त्यापर्यंत आणल्या होत्या. तिथे आमच्यातला एक जण होता आणि एक ॲम्ब्युलन्सही उभी होती. त्याने लगेच कळवलं की बोट सोडतोय, दोघे जण आहेत, आणि माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे एक हँडसेट देतोय. बोटवाले वेलचेरीतले नव्हते. गल्ल्या मी गच्चीवरून सांगायच्या, असं ठरलं. मी पाण्याच्या टाकीवर कागद ठेवून वळणं क्रमाने लिहिली.

आणि मग रेडिओतून नुसती इंजिनाची घरघर यायला लागली.

मला वाटलं, त्याने बोलायला बटण दाबलंय, आता बोलेल. बोलला नाही. घरघर चालूच. मधेच दोन माणसांच्या तमिळ गप्पा; तमिळ एव्हाना मला कळतं, पण त्या गप्पाही माझ्याशी नव्हत्या. काय झालंय ते मला कळलं. समुद्रकिनाऱ्यावर सराव करताना आम्ही सगळ्यांनी एक सवय लावून घेतली होती: हँडसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि वरून रबर बँड ताणून बसवायचा, म्हणजे पाणी जाणार नाही. तसा रबर बँड या हँडसेटच्या बटणावर बसला होता. बटण दाबलेलंच राहिलं होतं. फार वेळ कुणी बोललं तर आपोआप तोडणारी एक सोय या सेटमध्ये असते, पण लांब निरोप अर्ध्यात तुटतात म्हणून ती आम्हीच बंद करून ठेवलेली. आता बोटीवरचं सगळं मला ऐकू येत होतं आणि माझं एक अक्षरही त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

अशा वेळी सगळ्यांनी राखीव फ्रिक्वेन्सीवर जायचं असतं. मी गेले. मध्यस्थ तिथे आधीच पोचले होते आणि एकेकाचं नाव घेऊन कोण आलं, कोण नाही ते बघत होते. मी सांगितलं की बटण अडकलंय. त्यांनी विचारलं, दुसरी बोट? बायपासवरचा माणूस म्हणाला की बाकीच्या सगळ्या गेल्यात.

मग मध्यस्थ म्हणाले, "तुम्ही त्या बोटीवर परत जा. ऐकत राहा. काही करता आलं तर करा. इथलं मी बघतो."

मी परत जुन्या फ्रिक्वेन्सीवर आले. आता इंजिन बंद होतं. पाण्याखाली स्कूटर, कुंपणं, काय काय असतं, म्हणून गल्लीत शिरल्यावर ते बांबूने बोट ढकलत होते. त्यामुळे बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. एक आवाज वयस्कर, एक तरुण. तरुण तक्रार करत होता की मॅडम रस्ता सांगणार होत्या, पण हा डबा मुकाच आहे. वयस्कर म्हणाला की डबा दे इकडे, आणि काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मग त्याने स्वतःच्या मेहुण्याबद्दल सांगायला सुरुवात केली. त्याच्या बोटीचं इंजिन मेहुण्याने दुरुस्त केलं होतं आणि ते मधेच धापा टाकत होतं. मेहुण्याच्या अकलेबद्दल तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

तेवढ्यात तरुण म्हणाला, "हे बघ, मेडिकलची पाटी."

हिरवी पाटी आहे का, असं मी रेडिओला विचारलंसुद्धा, बटण न दाबता, वेड्यासारखं. आमच्या गल्लीत मेडिकलचं दुकान नाही. ते मागच्या गल्लीत आहे. दोन्हींच्या मधे इमारतींची अख्खी रांग. ते दोघे पाण्यातून मान वर करून चुकीच्या गच्च्या बघत होते.

खालून मामींचा आवाज आला की काटा लाल पट्टीत गेला.

सेक्रेटरी गच्चीवर आले होते. मी त्यांना परिस्थिती सांगितली. ते कठड्याशी जाऊन जोरात ओरडले. झालं, आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवरची माणसं उठून ओरडायला लागली, ताटं वाजवायला लागली. बोट आली म्हणून प्रत्येकाला ती आपल्याकडे हवी होती. रेडिओतून मला तो सगळा कल्ला ऐकू आला, आणि त्यावर वयस्कर माणसाचं बोलणं: इथे सगळेच बोलावतायत, आपला पेशंट कुठला ते देव जाणे. अजून थोडं बघू, नाहीतर परत फिरू.

परत फिरू हा शब्द ऐकल्यावर मी सेक्रेटरींना गप्प केलं. टाकीला लोखंडी शिडी आहे. पाइपवाल्याचा विसरलेला पाना तिच्या तळाशी कित्येक महिने पडून होता. तो मी त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, शिडीवर मारा. तीन ठोके, मग थांबा. परत तीन. घाई करू नका, काही झालं तरी चाल बदलू नका. आणि बाकी गच्च्यांकडे वळून मी दोन्ही हात जोडले, तोंडावर बोट ठेवलं. का कोण जाणे, बहुतेक जण थांबले.

ठण, ठण, ठण.

मी रेडिओ कानाला घट्ट लावला. शिडीचा ठोका पडला, आणि मग जरा मागून, रेडिओतून, तोच ठोका. बारीक, पिशवीत गुंडाळलेला, पण तोच. आवाज हवेतून बोटीपर्यंत जायला जेवढा वेळ लागत होता तेवढाच तो मागे पडत होता. म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर हेच बोटीचं अंतर. ते वाढलं तर बोट लांब चालली. मला त्या क्षणी दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

"या पुरात कोण लोहार बसलाय?" तरुण हसत म्हणाला.

बांबू पाण्यात बुडत होता, निघत होता. ठण, ठण, ठण. मग वयस्कर म्हणाला, "ओरडणारे सगळीकडे आहेत. हा थांबून थांबून बोलावतोय. तिकडे घे."

अंतर आधी वाढलं. माझ्या तोंडून शिवीच निघाली असती. मग लक्षात आलं की इमारतींची रांग ओलांडायला त्यांना टोकापर्यंत जाऊन वळावं लागणार. सेक्रेटरींचा हात लाल झाला होता. मी घेऊ का, असं विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही ऐका, तुमचं ते काम. ठोका आणि त्याची सावली, ठोका आणि सावली. मग सावली जवळ यायला लागली. जवळ, अजून जवळ. एकदा मला वाटलं की ती हरवली. पण ती हरवली नव्हती. दोन्ही ठोके एकाच वेळी पडत होते. मी खाली वाकून पाहिलं तर बोटीचं निळं नाक आमच्या फाटकात शिरत होतं.

मामांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही जिन्याने पाणी लागेल तिथपर्यंत खाली आणलं. सिलिंडर मामींच्या हातात. मामांचे ओठ निळसर झाले होते आणि ते डोळे मिटून एकाच कामात गुंतले होते, पुढचा श्वास घेण्याच्या. मामी त्यांच्या कानाशी सतत काहीतरी बोलत होत्या, त्यांच्या त्या मराठीत. मला अर्धं कळलं, आणि ते अर्धंही माझ्यासाठी नव्हतं.

मामा-मामींना बोटीत बसवल्यावर मी बोटीतून हँडसेट उचलून रबर बँड ओढून काढला. वयस्कर कोळ्याला दाखवलं: दाबलं की बोला, सोडलं की ऐका.

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे इतका वेळ आमचं सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"माझ्या मेहुण्याचंही?"

"तेही."

"तो पण मागच्या बोटीवर आहे," तो म्हणाला. "त्याच्याकडे नाही ना असला डबा?" आणि बांबू टेकवून त्याने बोट फाटकाबाहेर काढली.

मी परत गच्चीवर गेले. रेडिओ आता अगदी शांत होता. तो तसाच असायला हवा होता, मीच तो मोकळा केला होता. पण मघापर्यंत त्या दोघांचा प्रत्येक शब्द माझ्या कानात होता, आणि आता मामा बोटीत श्वास घेतायत की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. बोट निघाल्याचं मी राखीव फ्रिक्वेन्सीवर कळवलं होतं आणि सगळे परत जुन्या फ्रिक्वेन्सीवर आले होते. मी बोटीला हाक मारणार, तेवढ्यात मध्यस्थांचा आवाज आला: त्यांना बोट चालवू द्या, तेच बोलतील. त्यांचं बरोबर होतं. मी बटणावरचं बोट काढलं आणि ते पुन्हा तिथे जाऊ नये म्हणून रेडिओ कठड्यावर ठेवला. सेक्रेटरी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून तळहातावर फुंकर घालत होते. आम्ही दोघेही त्या काळ्या डब्याकडे बघत होतो.

बऱ्याच वेळाने तो खरखरला. वयस्कर कोळ्याने बटण दाबायच्या आधीच बोलायला सुरुवात केली असावी, कारण वाक्य मधूनच सुरू झालं.

"...नवीन सिलिंडर लावला. ॲम्ब्युलन्समध्ये घेतलंय. म्हातारबाबा डोळे उघडून बघतायत. अम्मा त्यांना रागावतायत, चप्पल घरी राहिली म्हणून."

मध्यस्थांनी विचारलं, वेलचेरी, निरोप मिळाला का? मी रेडिओ उचलला आणि बटण दाबलं.

"मिळाला," मी म्हटलं.

"ठीक. बोट आता मोकळी आहे. तुमच्या मागच्या गल्लीत, मेडिकलच्या वर, एक बाळंतीण अडकलीय. तुमच्या गच्चीवरून ते घर दिसतं का?"

मी कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली, आणि मागच्या कठड्याकडे गेले. दिसत होतं.