लडकूशेठचा ताटावरचा हात

तुळजाने लडकूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या एका बगलेत एक अंपायर होता आणि दुसऱ्या बगलेत दुसरा. तिच्या कोन गावच्या मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा चालू होती आणि पूर्णा गावच्या या ओपनरला रनआउट दिलं होतं. अंपायरांचे पाय वीतभर वर लोंबकळत होते. कोनची अख्खी टीम त्याच्या पाठीवर स्टंप मोडत होती आणि हा पठ्ठ्या सरबताच्या टेबलाकडे चालला होता, कारण त्याला तहान लागली होती. तुळजा सांगते, त्या दिवशी मांडव कोसळला, धुरळ्याने कल्याणचा रस्ता बंद पडला आणि पलीकडच्या तबेल्यातल्या म्हशी आटल्या. म्हशींचं खोटं असावं. पण त्याने अंपायर खाली ठेवले, तिच्या हातातली सरबताची बादली तोंडाला लावली, रिकामी करून परत दिली आणि म्हणाला, "लिंबू कमी हाय."

लग्न ठरलं. असा माणूस समोरच्या टीमात असण्यापेक्षा जावई म्हणून घरात बरा, असा तिच्या बापाचा हिशेब होता.

तेव्हा लडकू शेती करायचा. सकाळभर चिखल तुडवायचा, परातभर भात आणि बोंबलाचं कालवण हाणायचा आणि पुन्हा चिखलात उतरायचा. खाल्लेलं सगळं तिथेच जिरायचं. मग पूर्ण्यात गोदामं आली. खाचरांवर पत्र्याची छपरं चढली, भाडं येऊ लागलं आणि लडकूचा लडकूशेठ झाला. काम उरलं एवढंच, की फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं आणि ट्रक आडवे लावणाऱ्या ड्रायव्हरांना शिव्या द्यायच्या. चिखल गेला, बैल गेले, परात तेवढी राहिली. शिवाय फाटकाशीच चिंधूची वडापावची गाडी लागली. सकाळी वडापावची चळत, दुपारी परात, चारला फरसाण आणि रात्री भिवंडीतून बिर्याणी. मधल्या वेळात तहान लागली की थंड्याची मोठी बाटली. तिला तो पाणीच समजायचा.

एक दिवस चपलेचा खिळा डाव्या अंगठ्यात घुसला आणि जखम काही भरेना. टेमघरच्या डॉक्टर विनिता यांनी रक्त तपासलं आणि चष्मा काढला.

"काका, तुम्ही खाता नांगर धरणाऱ्याचं आणि काम करता फाटकाच्या खांबाचं. साखर चारशेच्या वर आहे. असंच चाललं तर आधी अंगठा जाईल, मग पाय."

लडकूने तिथेच दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, मेलो तरी परात सोडणार नाही. दोन, साखरेचं गावात जो बोलेल त्याची मुंडी मुरगळीन. गावाने आपल्याला घाबरावं. कीव केलेली त्याला चालणार नव्हती.

तुळजाने वाद घातला नाही. घरी येऊन तिने मुसळ काढलं. आधी फ्रिजमधल्या बाटल्या अंगणात नेऊन फोडल्या. फेस कुंपणापर्यंत गेला. मग ती फाटकावर गेली.

"वहिनी, कढईत तेल उकळतंय!" चिंधू ओरडला.

"मंग बाजूला हो."

कढई गटारात गेली, वडे ट्रकाखाली गेले आणि रांगेतला एक ड्रायव्हर रडवेल्या आवाजात म्हणाला, "भाभी, मेरा तो अभी पहला ही था!"

घरी लडकूपुढे ताट आलं. नाचणीची भाकरी, माठाची भाजी, मुगाची उसळ, कालवणातला बोंबील आणि वाटीभर भात. त्याने ताट भिंतीवर मारलं. तिने दुसरं वाढलं. तेही गेलं. तिसरं वाढून ती मुसळ घेऊन उभी राहिली.

"आता ताट गेलं, तर मागून तुमी पण जाल."

युद्ध पावसाळाभर चाललं. फ्रिजला कुलूप आलं, लडकूने दारच उपटलं. काचेचं भांडं घरात उरलं नाही, तेव्हा ती स्टीलच्या डब्याच्या झाकणात वाढू लागली. झाकण कितीही फेका, मोडत नाही. जेवणानंतर तो गोदामांना फेऱ्या मारायचा आणि मागून ती खांद्यावर मुसळ टाकून चालायची. वॉचमन सलाम ठोकत, मुसळाला. डॉक्टरांचा नियम होता, भाजी आणि उसळ आधी, भात शेवटी. भाताला पोटात जागाच उरत नाही, ही फसवणूक लडकूच्या लक्षात आली तोवर त्याला सवय लागली होती. बाटलीच्या जागी ताक आलं. साखर उतरली. जखमेवर खपली धरली. आता फक्त अंगठा सांभाळायचा होता.

आणि कोनला, तुळजाच्या भावाच्या, जीवनच्या मुलाची हळद निघाली.

आपल्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी, आणि हळदीच्या पंगतीत 'नको' या शब्दाला किंमत नसते. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरायचा, यजमानाने तो बाजूला करून मटण वाढायचं, पाहुण्याने "अरे, अरे" म्हणायचं आणि खायचं. खरंच नको असेल तर त्याचा अर्थ एकच, वैर.

लडकूने दोन फोडी खाल्ल्या आणि ताटावर हात ठेवला.

"दाजी लाजाय लागले रं!" जीवनने हसत पळी रिकामी केली. हात हलला नाही. रस्सा मनगटावरून ओघळला.

"जीवन, नको बोल्लो ना."

"का? माझा बोकड मेलेला व्हता?"

"पोट भरलंय."

"तुमचं? दोन फोडींत?" पंगत थांबली. "मागल्या हळदीला तुमी टोप पुसून खाल्ला व्हता. माझ्याच दारात काय रोग हाय?"

बायकांच्या पंगतीत तुळजाच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. तिला मुंडीची आठवण झाली. तिने ते गिळलं.

जीवनने लडकूचं मनगट धरून उचललं आणि वाढलं. लडकूने ते ताट, आतल्या मालासकट, जीवनच्या डोक्यावर ठेवलं. मग काय! भाचे धावले, खुर्च्या उडाल्या, आचारी झारे घेऊन उतरले. लडकूने एकाला दुसऱ्यावर आपटलं, तिसऱ्याचे दोन दात भातात पडले. एका चुलत्याचं कपाळ फुटलं. चौघे पाठीवर चढले तसा लडकू मागे सरकत सरकत मटणाच्या टोपावर आदळला. तिवई मोडली. सबंध गावजेवणाचा टोप त्याच्या डाव्या पायावर बसला.

तेव्हा कुठे तुळजा खुर्चीवर चढून किंचाळली, "त्यांना साखर हाय! सोडा, पाय जाईल त्यांचा!"

पाठीवरचे चौघे खाली उतरले. जीवनने केसांतली फोड काढली.

"मंग आधी सांगाचं ना, दाजी! मना पण हाय."

पंगतीत इकडेतिकडे काही हात गुपचूप ताटांवर आडवे झाले.

अंगठा पुढच्या बुधवारी कापला. साखर ताब्यात होती म्हणून जखम भरली आणि बाकीचा पाय राहिला.