स्कूटरच्या काचेवरच्या दोन भेगा

बाबा अंबडच्या कारखान्यात फिटर. त्यामुळे नव्या स्कूटरला पुढची काच दुसऱ्या कुणी बसवणं म्हणजे त्यांचा अपमानच! काच कसली, पारदर्शक प्लॅस्टिकच ते. बाबांनी दोन्ही कडांना भोकं पाडून बोल्ट असे करकचून आवळले, की थोड्याच दिवसांत दोन्हीकडून एकेक भेग निघाली. डावीकडची जरा वर, उजवीकडची जरा खाली, आणि दोघी निघाल्या काचेच्या मध्याकडे.

"फुटून तोंडावर येईल माझ्या. आधी ती काढा, मग बसेन," आईनं जाहीर केलं.

"काच निघणार नाही," बाबा म्हणाले.

झालं! आईला मागं बसवून हरसूलला तिच्या माहेरी न्यायचं, एवढ्यासाठी तर त्यांनी स्कूटर घेतली होती. पण माघार घेतील तर ते बाबा कसले? आई एस.टी.नं जायची आणि बाबा तिची पिशवी धरून स्टँडपर्यंत पायी. स्कूटर घरी!

मी कॉलेजात होते आणि अक्कल पाजळायची संधी सोडत नव्हते. "दोन्ही भेगा समोरासमोर धडकणार, लिहून घ्या," मी सांगितलं. कसचं काय! टोकं जवळ आली आणि दोघींनी चक्क वाट वाकडी केली. एक वर सरकली, एक खाली.

"एकमेकींची तोंडं बघवत नाहीत वाटतं," आई खुदकन हसली.

मग आणखी गंमत. एकमेकींना ओलांडल्यावर दोघी मागं वळून परस्परांकडे झुकल्या, मधे डोळ्याच्या आकाराचा तुकडा राहिला. पुढे शिकताना कळलं, की भेगेच्या टोकाशी ताण साचतो आणि अंगाशी सैलावतो, म्हणून शेजारच्या भेगा आधी फाकतात, मग वळून एकमेकींना जाऊन मिळतात. तेव्हा मात्र माझी चांगलीच जिरली होती.

एका थंडीतल्या रविवारी द्वारकेच्या चौकात खड्डा लागला. तुकडा निसटला आणि काचेचा वरचा अर्धा भाग बाबांच्या खांद्यावरून अलगद मागे बसलेल्या माझ्या मांडीवर! मला हसू आवरेना. बाबांचा चेहरा मात्र एवढासा झाला. घरी येऊन त्यांनी पाना काढला आणि उरलेली काच सोडवायला बसले. मला त्यांची फार दया आली.

आई दारात येऊन बघत राहिली. मग आत गेली, ती चांगली साडी नेसूनच बाहेर आली.

"अहो, राहू द्या तेवढी. तुमच्या छातीला गार वारा बाधतो," म्हणाली आणि पदर खोचून मागच्या सीटवर बसली. "चला, हरसूलला जेवायलाच जाऊ."

बाबांना किक मारायचंच सुचेना.