चहाच्या पाण्यातली साडी
चहापूड जास्त वेळ उकळली की त्या कडवट वासाने अजूनही माझं डोकं फिरतं. तेव्हा मी एका सिनेमात कपड्यांचं काम बघत होते. गावाकडच्या बाईची रडकी, दीनवाणी प्रतिमा आपण मोडायची, असं शनिवार पेठेतले आमचे दिग्दर्शक रोज ऐकवायचे. ग्रामसभेत ठणकावून बोलणाऱ्या नायिकेसाठी मी वारज्याहून आईची साडी मागून आणली. मोतिया रंगाची, जांभळ्या काठांची, खळ घालून कडक इस्त्री केलेली. वारजे गाव होतं तेव्हा आई ग्रामसभेला हीच नेसून जायची. दिग्दर्शकांनी ती बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "अहो, फारच नीटनेटकी आहे ही. खरी वाटत नाही." मी म्हटलं, "सर, ही खरीच आहे." "असेल. प्रेक्षकांना पटायला नको का?" मग कपडे जुनाट दिसावेत म्हणून आम्ही नेहमी करतो तेच केलं. चहापूड उकळून साडी त्या पाण्यात बुडवली, काठ दगडावर घासून विरवले. सिनेमा लागला, मी आईला घेऊन गेले. टाळ्या पडल्या, बाहेर पडताना लोक म्हणत होते, "किती खरं दाखवलंय!" रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "बाई झ्याक बोलली गं. पण माझी साडी कुठं हाय त्यात?" मी म्हटलं, "तुझ्या साडीचा सीन कापला." त्या दिग्दर्शकांना मी आजही शिव्या घालते, पण साडी पातेल्यात बुडवली होती ती मीच.