सोलरच्या पाटीवरची राख

शेजारच्या वावरात डिझेल इंजिन सुरू झालं का त्या वासानं मले तो साहेब आठवते. त्या साली पावसानं दडी मारली होती, धानाचे परहे, लावनीची रोपं, पिवळे पडून रायले होते, आन आमचा सोलर पंप करंगळीएवढी धार सोडे. सुनेनं सोलर कंपनीले फोन केला तं थो साहेब गाडीत बसून आला. सोलरच्या पाट्यांकडे पाहून म्हने, "आजी, यावर मोहफुलं वाळवता ना? तुम्हा लोकांना कदरच नाही. सूर्य फुकट देतो, कोळसा एक दिवस संपणार आहे." मी म्हनलं, "एकडाव वाळवले बाप्पा, थे उचललेबी. मंग हे कायचं होय?" लुगड्याचा पदर वला करून पाटी पुसली आन त्याच्या नाकापुढं धरला. काळाभोर! पल्याडच्या कोळशाच्या वीजघराच्या चिमनीची राख. साहेबानं पदर पाह्यला, चिमनीकडं काई पाह्यलं नाई. "रोज पुसत जा," म्हने, आन डिझेलचा धूर सोडत गेला. मी आन सुनेनं साऱ्या पाट्या पुसल्या, तवा धार मनगटाएवढी झाली, परहे वाचले. आता माहे गुडघे वाकत नाई, तरी रोज सकाळी शिडी लावून पुसून रायली. सूर्याले काईच लागत नाई म्हनते. लागते नं, एक म्हातारी लागते.